दर ३७ मिलिमीटरला एक अडखळ

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात नवी मोटार आणि डिजिटल डीकोडर, म्हणजे रुळांतून आलेली आज्ञा वाचून मोटारीला वीज देणारा छोटा नियंत्रक, बसवल्यानंतर ते पूर्वीपेक्षा जास्त अडखळत चालू लागले, ही तक्रार या छंदात मुरलेल्या कोणालाही परिचयाची आहे. पैसे खर्च झालेले असतात, परदेशातून मागवलेल्या सुट्या भागांची कस्टममधून सुटका होईपर्यंत वाट पाहिलेली असते, आणि रुळावर ठेवलेले इंजिन मात्र सरळ मार्गावर आचके देते, उतारावर उगाच धाव घेऊन पुन्हा दबकते आणि अगदी सावकाश चालवू गेल्यास जागच्या जागी थरथरते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी डीकोडरमधल्या आकड्यांकडे, म्हणजे ‘सीव्हीं’कडे, जातो, कारण ते बदलायला एकही स्क्रू काढावा लागत नाही. मी नोकरीची सगळी वर्षे नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या चाचणी विभागात काढली. तिथे अंगवळणी पडलेला क्रम असा, की यंत्र आधी हाताने फिरवून पाहायचे, मग त्याला साधी वीज द्यायची आणि नियंत्रकाला सर्वांत शेवटी हात लावायचा. बोटाच्या पेराएवढ्या मोटारीलाही हाच क्रम लागू पडतो, असे माझे ठाम मत आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या गच्चीवरील खोलीत मी कसारा घाटाचा एक तुकडा उभा केला आहे. अर्थात टेबलावर मावेल तेवढाच. १८६५ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. टेबलावर रूळ ६ सेंटिमीटर उचलायचे म्हटले तरी या हिशेबाने २ मीटर २२ सेंटिमीटर लांबी लागते, त्यामुळे माझे इगतपुरी स्टेशन जिन्याच्या दाराला जवळजवळ टेकलेले आहे. प्रमाण एचओ, अर्थात १:८७, आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर ८७ ने भागले तर उत्तर १९ मिलिमीटरहून थोडे अधिक येते, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस माझे रूळ पाहताच भुवया उंचावतो. त्याला मी चहा विचारते.

ज्या इंजिनाविषयी लिहायचे आहे ते अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या एका डिझेल इंजिनाचे मॉडेल आहे. आपल्याकडे १९६२ पासून धावू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ चे मूळ आरेखनही अल्कोचेच, त्यामुळे दोघांच्या ठेवणीत घराण्याचे साम्य दिसते आणि तेवढ्यावर मी ते घेतले. त्यात जुन्या पद्धतीची, लोखंडी गाभ्याची जड मोटार होती आणि तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, म्हणजे वेग साठवून ठेवणारी जड चाके, होती. पुण्याहून सुटीला आलेल्या भाच्याने ती काढून तिच्या जागी कोअरलेस मोटार बसवली आणि सोबत डीकोडर. काम त्याने नीटनेटके केले होते. मोटार चाकांच्या दांड्यांशी बरोबर ओळीत होती आणि तारा कुठेही दबलेल्या नव्हत्या.

कोअरलेस मोटारीच्या फिरणाऱ्या भागात लोखंड नसतेच. तांब्याच्या तारेची गुंडाळी स्वतःच पोकळ पेल्यासारखी विणलेली असते आणि ती एकटीच चुंबकाभोवती फिरते. लोखंडाचे दात चुंबकाला चिकटून राहण्याचा प्रश्न उरत नाही, त्यामुळे ही मोटार कमी वेगाला अतिशय गुळगुळीत फिरते, वीजही थोडी घेते. पण तिच्या हलकेपणाची दुसरी बाजू अशी, की तिच्यापाशी साठवलेला वेग जवळपास नसतोच. जुनी मोटार आणि तिची फ्लायव्हील मिळून वाटेतला लहानसहान अडथळा आपल्या वजनाच्या जोरावर ओलांडून जात असत, आणि अडथळा होता याचा बाहेर कोणाला पत्ताही लागत नसे. नव्या मोटारीला तो अडथळा प्रत्येक वेळी नव्याने ढकलावा लागतो. अडचण सुधारणेनंतर दिसू लागली म्हणून ती सुधारणेनेच आणली असे मानणे सोपे असते, परंतु पुष्कळदा ती जुनीच असते आणि आजवर तिच्यावर पांघरूण पडलेले असते.

हे पांघरूण डीकोडरही घालतो, आणि अधिक हुशारीने घालतो. डिजिटल पद्धतीत रुळांमधून सतत पूर्ण दाबाची, क्षणोक्षणी दिशा पालटणारी वीज वाहत असते आणि तिच्या पालटण्याच्या लयीतच आज्ञा गुंफलेली असते: ‘१’ चा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, ‘०’ चा १०० किंवा त्याहून लांब. ही आज्ञा वाचून डीकोडर मोटारीला तुकड्या-तुकड्यांनी वीज देतो आणि मध्येच क्षणभर हात आखडता घेतो. त्या क्षणी वीज नसलेली पण फिरत असलेली मोटार जनित्रासारखी वागते आणि तिच्या टोकांवर वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब उमटतो. तो मोजून डीकोडरला खरा वेग कळतो आणि कमी पडेल तेवढी वीज तो वाढवतो; यालाच लोड कंट्रोल म्हणतात. घाट उतरताना विद्युत इंजिनांच्या मोटारी जनित्र करून गाडीचा वेग आवरतात, त्यामागचे तत्त्व हेच. फक्त तिथे निर्माण झालेली वीज रोधकांत जाळतात किंवा तारेत परत पाठवतात, आणि इथे ती केवळ वाचायची असते.

आमच्या शेजारी इगतपुरीहून घाटात इंजिने चालवून निवृत्त झालेले एक काका राहतात. इगतपुरीला मुंबईकडून आलेले डीसीचे इंजिन सुटायचे आणि पुढे नाशिककडे एसीचे इंजिन लागायचे, तो सगळा काळ त्यांनी पाहिला आहे, आणि माझ्या टेबलावरचे डीसीतून डिजिटलमध्ये झालेले स्थित्यंतर त्यांना फारसे थोर वाटत नाही. इंजिन अडखळताना त्यांनी पाहिले नाही, ऐकले. डोळे मिटून दोन फेऱ्या ऐकल्यावर ते म्हणाले, “ताई, मोटारीचा आवाज एकसारखा आहे. ठेका चाकाचा आहे.”

भाच्याला हे पटले नाही. “मावशी, सीव्ही २ थोडा वाढव आणि लोड कंट्रोलचा जोर कमी कर. दहा मिनिटांचं काम आहे.”

“करू या. आधी मला तो डीकोडर काढून दे.”

“अगं, डीकोडर काढल्यावर ते चालणार कसं?”

“तुझ्या जन्माआधी चालायचं तसं.”

इंजिनातल्या सर्किटच्या पट्टीवर ८ पिनांचा सॉकेट होता. त्यातून डीकोडर काढून डमी प्लग खोचला की रुळांची वीज थेट मोटारीकडे जाते आणि इंजिन पुन्हा जुन्या साध्या १२ व्होल्टच्या डीसीवर धावू लागते. आता वेग सावरणारा कोणी मध्ये नसतो, त्यामुळे यंत्रणेतला दोष जसा आहे तसा समोर येतो. मी वीज देणाऱ्या तारेत सुईचा जुना मीटर जोडला. अंकी मीटर अशा कामाला निरुपयोगी असतो, कारण त्याचे आकडे वाचून होण्याआधी बदलतात आणि मनात कसलेच चित्र तयार होत नाही. सुई मात्र सांगते. इंजिन सावकाश चालू लागले तेव्हा ती एका जागी स्थिर होई, मग टचकन वर उडून खाली येई, पुन्हा स्थिर, पुन्हा उडी. उड्यांमधले अंतर सारखे होते आणि वेग वाढवला की उड्या त्याच प्रमाणात जवळ येत. काकांचा ठेका आता डोळ्यांना दिसत होता.

पुढचे काम पेन्सिलीचे. इंजिन जेमतेम सरकेल इतकी वीज ठेवून, प्रत्येक अडखळीला ते जिथे असेल तिथे रुळाशेजारी बारीक रेघ मारत जायचे आणि मग रेघांमधले अंतर पट्टीने मोजायचे. या साध्या मोजणीत निदानाचा बहुतेक भाग उरकतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. अडखळ रुळाच्या ठरावीक ठिकाणीच होत असेल आणि दुसरे इंजिनही तिथेच अडखळत असेल, तर दोष सांध्यात किंवा वळणात आहे. अडखळीला कसलेच नियमित अंतर नसेल आणि त्या क्षणी पुढचा दिवाही मिचकत असेल, तर चाकांवर किंवा वीज घेणाऱ्या पत्र्यांवर मळ बसला आहे; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कागदी रुमाल रुळावर पसरून त्यावर चाके फिरवली की तो काळा होऊन निघतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. अंतर नियमित असेल, तर मात्र ते कोणत्या फिरत्या भागाच्या एका फेऱ्याशी जुळते हे पाहायचे. मूळ इंजिनाचे चाक ४० इंचांचे, म्हणजे १०१६ मिलिमीटर व्यासाचे. त्याला ८७ ने भागल्यावर ११.७ मिलिमीटर उरतात आणि त्यांचा परीघ जवळपास ३७ मिलिमीटर होतो. या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात मोटार १४ वेळा फिरते, त्यामुळे दोष मोटारीत किंवा तिच्या दांड्यात असता तर अडखळ अडीच-तीन मिलिमीटरला आली असती. इतक्या दाट अडखळी मोजता येत नाहीत, त्या केवळ घरघर म्हणून जाणवतात.

माझ्या रेघा ३७ मिलिमीटरवर होत्या. घाटाचा चढ १:३७ आणि चाकाचा परीघ ३७, हा निव्वळ योगायोग आहे. भाच्याने त्यावर दिवसभर कोट्या केल्या.

चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा, एवढे ठरल्यावर चार आसांपैकी कोणता, हे शोधायचे उरते. त्यासाठी मोटारीकडून एका बोगीकडे, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याकडे, जाणारा दांडा काढून टाकायचा आणि इंजिन दुसऱ्या बोगीच्या जोरावर चालवून मीटरकडे पाहायचे. पुढच्या बोगीवर सुई शांत राहिली, मागच्या बोगीवर उडाली. मागची बोगी उघडली, आस बाहेर काढले आणि सराफ बाजारात अवजारांच्या दुकानातून आणलेले सोनारी भिंग डोळ्याला लावले.

या आसाची रचना अशी असते, की मधोमध प्लॅस्टिकची नळी, तिच्यावरच दातेरी चक्र, आणि नळीच्या दोन्ही बाजूंनी चाकांच्या धातूच्या खुंट्या घट्ट दाबून बसवलेल्या. भिंगाखाली एका चक्रावर, दोन दातांच्या मधल्या खोबणीत, केसाएवढी काळी रेघ दिसली. ग्रीसचा ओघळ असावा असे आधी वाटले, परंतु सुईने खरवडल्यावर ग्रीस निघून गेले आणि रेघ तिथेच राहिली. नखाने चाक किंचित वळवले, तेव्हा ती रेघ उघडली आणि पुन्हा मिटली. प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत आकसते, आत धातूची खुंटी असल्यामुळे त्याला आकसायला जागा मिळत नाही, आणि मग ते जिथे सर्वांत पातळ असते तिथे, अर्थात दोन दातांच्या बेचक्यात, तडकते. तडकल्यावर त्या दोन दातांमधले अंतर इतरांपेक्षा थोडे वाढते. समोरचा दात तिथे पोचला की त्याला बरोबर खाच सापडत नाही, तो चढून पलीकडे पडतो, आणि पुढचा फेरा पूर्ण होईपर्यंत सारे सुरळीत.

जुन्या जड मोटारीने ही फट किती काळ बिनतक्रार ओलांडली असेल, हे सांगता येणार नाही. हलक्या मोटारीला ती लागली. डीकोडर बसवल्यावर तर चित्र आणखी बिघडले, कारण फटीपाशी वेग पडला हे कळताच तो वीज वाढवत असे, तोवर दात पलीकडे गेलेला असे, वाढीव विजेने इंजिन पुढे उसळे, मग डीकोडर वीज तोडे. मुळातली बारीक अडखळ अशी दुप्पट होऊन रुळावर येत होती. भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे लोड कंट्रोलचा जोर कमी केला असता तर उसळी दबली असती, यात शंका नाही; पण चक्र तसेच तडकलेले राहिले असते आणि कधीतरी घाटाच्या मध्यावर आसावर नुसतेच फिरू लागले असते.

तडकलेले चक्र चिकटवण्याच्या फंदात पडू नये. ही चक्रे ज्या निसरड्या प्लॅस्टिकची असतात त्याला नेहमीचा गोंद धरत नाही, आणि धरलाच तरी फट तेवढीच राहते. नवी चक्रे मागवली आणि ती येईपर्यंत त्या आसावरचे चक्र काढून इंजिन तीन आसांवर चालवले. चौथा आस नुसता मागे फरफटत येई. ओढण्याची ताकद थोडी घटली, चाल मात्र त्याच दिवशी सुधारली. चक्रे आल्यावर चारही बदलली, कारण एक तडकले असेल तर त्याच वयाच्या उरलेल्या तिघांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

बोगी उघडलेलीच होती म्हणून जुने ग्रीसही साफ केले. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी असल्याची बातमी रोज येते त्या दिवसांत, गच्चीवरच्या खोलीतले जुने ग्रीस सकाळी मेणासारखे घट्ट झालेले असते आणि पहिल्या काही फेऱ्यांत इंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो. नव्या ग्रीसचा अगदी बारीक ठिपका पुरतो.

उतारावरची धावाधाव मात्र चक्रे बदलूनही गेली नाही, आणि तिचे कारण वेगळेच होते. मोटारीचा दांडा बोगीत शिरतो तिथे एक मळसूत्री दांडा, म्हणजे वर्म, आडव्या चक्राला फिरवतो. त्याला स्वतःच्या लांबीत मागेपुढे सरकायला थोडी मोकळीक ठेवलेली असते. काकांनी हे घाटाच्या भाषेत सांगितले, “चढताना इंजिन गाडीला ओढतं, उतरताना गाडी इंजिनाला ढकलते. जिथे ढिलाई असेल तिथे धक्का बसणार.” चढावर वर्म एका टोकाला टेकून राहतो. उतारावर डब्यांचे वजन चाकांना पुढे लोटते, वर्म दुसऱ्या टोकाकडे सरकतो, तिथे आपटून घासतो, इंजिन दबकते, घर्षण सुटले की पुन्हा धावते. डीकोडर या गोंधळात आपली भर घालतोच. मी दोन्ही बाजूंना कागदाइतके पातळ वॉशर घालून मोकळीक कमी केली, पूर्ण काढली नाही. ती शून्यावर आणली तर वर्म जॅम होतो आणि नवी मोटार तापते. किती ठेवायची हे मोजमापाने सांगता येत नाही. दांडा बोटांत धरून हलवला तर टकटक ऐकू येऊ नये, पण सरकल्याचे बोटाला कळावे.

राहिली ती अगदी कमी वेगातली थरथर. ती साध्या डीसीवर मुळीच नव्हती, फक्त डीकोडर लावल्यावर येत होती, म्हणून तिचे मूळ विजेच्या बाजूलाच शोधणे योग्य होते. इंजिनाच्या जुन्या पट्टीवर, मोटारीच्या दोन तारांच्या मध्ये, १०४ असा आकडा छापलेला मसुराच्या डाळीएवढा कपॅसिटर होता. रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून तो डीसीच्या काळात लावत असत. मोटारीची वीज क्षणभर तोडून तिचा दाब वाचायचा असतो तेव्हा हाच कपॅसिटर आपल्यात साठलेली वीज सोडून ते वाचन बिघडवतो, आणि चुकीचा वेग वाचलेला डीकोडर चुकीचीच दुरुस्ती करतो. डीकोडरसोबतच्या पत्रकात तो काढून टाकण्याची सूचना असते, पण ती अशा बारीक अक्षरांत असते की छापणाऱ्यालाच ती वाचली जावी असे वाटत नसावे. कपॅसिटर काढला आणि थरथर निम्म्याहून कमी झाली. नाशिकरोडला रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटारींचा दुरुस्ती कारखाना आहे, तिथल्या मोटारी क्रेनने उचलाव्या लागतात. माझे सारे काम चिमट्याने झाले, पण दोष शोधण्याच्या वाटा फारशा निराळ्या असतील असे मला वाटत नाही.

आता भाच्याची पाळी आली. त्याने सीव्ही ८ मध्ये ८ लिहून डीकोडरचे सगळे आकडे मूळपदावर आणले, म्हणजे चाचपडताना बदललेले जुने काही मागे राहू नये. कोअरलेस मोटार हलकी असल्यामुळे तिला वेगाची दुरुस्ती सौम्यपणे करणारा नियंत्रक लागतो, म्हणून लोड कंट्रोलचा जोर त्याने टप्प्याटप्प्याने उतरवत नेला, आणि उरलेली थरथर गेली तिथे तो थांबला. सीव्ही २ मध्ये सुरुवातीचा वेग, सीव्ही ५ मध्ये कमाल वेग, सीव्ही ६ मध्ये मधला. वेग मोजायचा हिशेब मी भिंतीवर लिहून ठेवला आहे: १ मीटर अंतर कापायला लागलेले सेकंद घ्यावे आणि ३१३ ला त्यांनी भागावे, की १:८७ च्या प्रमाणात ताशी किलोमीटर मिळतात. दहा सेकंद लागले तर ३१. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दहा मिनिटांचे असलेले काम खरोखरच दहा मिनिटांत झाले, हे इथे नोंदवायला हवे.

त्यानंतर नवाच प्रश्न उभा राहिला. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लागतात, तसा माझ्या टेबलावरही एक लागतो, आणि ते काम दुसऱ्या, अजून जुनी मोटार असलेल्या इंजिनाकडे आहे. सुधारलेले इंजिन आता इतक्या सावकाश चढते की मागचे त्याला रेटून मधले डबे वळणावर रुळावरून उतरवते. दोन इंजिनांचा वेग जुळवायचा तर सीव्ही ६७ ते ९४ मधला २८ पायऱ्यांचा तक्ता भरावा लागतो, आणि जुळवणी नेहमी मंद इंजिनाशी करावी लागते, कारण वेगवान इंजिनाला आवरता येते, मंदाला पळवता येत नाही. शिवाय दोघांचेही लोड कंट्रोल पूर्ण जोरात असले तर प्रत्येक डीकोडर दुसऱ्याचा रेटा म्हणजे आपल्याच वेगातली चूक समजून ती दुरुस्त करू पाहतो, म्हणून जोडीने चालवताना तो जोर दोन्हीकडे उतरवावा लागतो. तक्त्याच्या खालच्या १० पायऱ्या जुळल्या आहेत. त्याच्या वर जुने इंजिन सरळ रेषेत वेग वाढवत नाही, आणि पेन्सिल घेऊन पाहिले तर त्याच्याही रेघा ठरावीक अंतरावर पडत आहेत. ते अंतर यावेळी ३७ मिलिमीटर नाही.